कण्याला भिडलेली गाठ

फुप्फुसाचा शेंडा पहिल्या बरगडीच्या आडोशाला, मानेच्या अगदी मुळाशी असतो. तिथे कर्करोगाची गाठ झाली तर खोकला किंवा थुंकीतून रक्त बहुधा उशिरा दिसतं. आधी खांदा दुखतो. मग दंडाच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत कळ जाते, पंजाचे बारीक स्नायू वाळू लागतात, त्याच बाजूची पापणी उतरते आणि डोळ्याची बाहुली आकसते. फिलाडेल्फियाचे रेडिओलॉजिस्ट हेन्री पॅनकोस्ट यांनी १९२४ आणि १९३२ मध्ये हे चित्र नेमकं मांडलं, म्हणून या गाठीला त्यांचं नाव मिळालं. ही सारी लक्षणं हाताकडे आणि डोळ्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची आहेत. तरीही न्यूरोसर्जनला अनेकदा शेवटी, छाती उघडल्यावर अडचण आली तर बोलवायचं असं धरलं जातं. माझ्या मते त्याची जागा उपचार ठरवण्याच्या पहिल्या बैठकीतच आहे.

पुरावा शस्त्रक्रियेच्या इतिहासातच आहे. १९६१ मध्ये डॅलसच्या शॉ, पॉलसन आणि की या डॉक्टरांनी आधी रेडिएशन आणि मग शस्त्रक्रिया हा क्रम रूढ केला. पण मणक्यात शिरलेली गाठ त्यानंतरही दीर्घकाळ शस्त्रक्रियेपलीकडची मानली जाई. पुढे केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र देऊन मग शस्त्रक्रिया करण्याचा एक मोठा अमेरिकी अभ्यास ११० रुग्णांवर झाला. त्यात पाच वर्षं जगलेल्यांचं प्रमाण ४४ टक्के होतं आणि गाठ पूर्ण निघालेल्यांमध्ये ५४ टक्के. छातीच्या भिंतीपुरती राहिलेली गाठ आणि तिच्याही पुढे घुसलेली गाठ यांच्या निकालात फरक आढळला नाही. थोडक्यात, गाठ कुठवर पोचली यापेक्षा ती कडेच्या निरोगी भागासह संपूर्ण निघते का, हा प्रश्न मोठा. आणि या गाठीची सर्वांत अवघड कड असते मणक्याला लागून, मज्जातंतूंची मुळं जिथून बाहेर पडतात त्या छिद्रापाशी.

तिथलं काम छातीच्या सर्जनच्या रोजच्या हातातलं नव्हे. मुळावर छातीच्या बाजूने ताण पडून मज्जारज्जूचं आवरण फाटलं, तर त्यातला द्रव छातीच्या पोकळीत ओढला जातो, कारण तिथला दाब कमी असतो. न्यूरोसर्जन पाठीच्या बाजूने कणा उघडून ते मूळ आवरणाजवळ बांधून कापतो, गरज पडल्यास मणक्याचा अर्धा भाग काढतो आणि स्क्रू-सळ्यांनी कणा स्थिर करतो. छातीच्या वरच्या भागातलं पहिलं मूळ कापलं तर हात बहुधा वापरता येतो. त्यावरचं, मानेतलं आठवं मूळही गेलं तर पंजाचं बळ कायमचं हरवण्याची भीती असते. कोणतं मूळ वाचवायचं, हे एमआरआय पाहून आणि रुग्णाशी बोलून आधीच ठरायला हवं.

आक्षेप रास्त आहेत. त्याच अभ्यासात आजार परतला तो मुख्यतः शरीरात दूरवर. मग एवढी मोठी शस्त्रक्रिया कशासाठी? म्हणूनच मेंदू आधी तपासायचा, छातीच्या मधल्या भागातल्या लसिका गाठीही तपासायच्या आणि आजार पसरलेला असेल तर सुरी उचलायची नाही. पण तो पसरलेला नसेल, तर मणक्यापाशी राहिलेला तुकडा असह्य वेदना देऊ शकतो, मज्जारज्जू दाबून पाय लुळे करू शकतो. दुसरा आक्षेप असा की कण्याचं हे काम ऑर्थोपेडिक सर्जनही करतात. करतात, आणि उत्तम करतात. आग्रह पदवीचा नाही, मज्जातंतू आणि कणा जाणणारा माणूस आधीपासून सोबत असण्याचा आहे.

आपल्याकडे आणखी एक अडथळा आहे. फुप्फुसाचा शेंडा ही क्षयाचीही आवडती जागा. तिथली सावली पाहून क्षयाचा संशय आधी येतो आणि दुखरा खांदा मानेच्या मणक्यांच्या झिजेवर ढकलला जातो. हात बारीक होत चाललेला असा रुग्ण पुष्कळदा न्यूरोसर्जनच्याच दारी पोचतो. मानेच्या एमआरआयवर समाधान न मानता त्याने फुप्फुसाचा शेंडाही पाहिला, तर निदानाचे कित्येक महिने वाचतात.