ऑपरेशनच्या आधीचं एक इंजेक्शन

मी कॉन्व्हेंटमधली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

गेल्या सेमला माझ्या रूममेटचं अपेंडिक्स काढलं. ऑपरेशनला नेण्याआधी सिस्टरनी सलाईनमधून अँटिबायोटिक दिलं. अपेंडिक्स फुटलेलं नव्हतं, सगळं नीट पार पडलं आणि डॉक्टर म्हणाले, आता अँटिबायोटिक नको. काकू घाबरल्या. "अहो, पाच दिवसांचा कोर्स तरी लिहून द्या. जखम पिकली तर?" खरं सांगते, मलाही तेच वाटलं. म्हणून मग वाचायला घेतलं.

कातडी कापली की त्याच क्षणी कातडीवरचे, आतड्यातले जंतू जखमेत शिरतात. तेव्हा औषध तिथे आधीच हजर पाहिजे! १९६१ मध्ये जॉन बर्क या अमेरिकन सर्जनने गिनीपिगच्या कातडीत जंतू टोचून वेगवेगळ्या वेळी औषध देऊन बघितलं. तीन तास उशीर झाला की औषधाचा उपयोग शून्य. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेतच २८४७ पेशंटचा अभ्यास छापून आला. कापण्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के जणांची जखम पिकली, कापल्यावर तीन तासांनी मिळालेल्यांत ३.३ टक्के. आणि गंमत म्हणजे, फार आधी दिलं तर ३.८! कारण तोवर औषध उतरलेलं असतं.

हे आपल्या कपॅसिटर डिस्चार्जसारखंच आहे. सेफाझोलिन हे औषध पुष्कळ ऑपरेशनना वापरतात. ते रक्तात साधारण दोन तासांत निम्मं होतं, म्हणजे चार तासांत पाव. म्हणून ते कापण्याआधीच्या तासाभरात देतात आणि ऑपरेशन चार तासांवर गेलं तर पुन्हा एक डोस.

टाके पडले की जंतूंचं दार बंद. नंतरच्या गोळ्यांनी जखम पिकणं कमी होत नाही. पोटातले चांगले जंतू मरतात, जुलाब होतात आणि औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे मागे उरतात. म्हणूनच २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं की, निव्वळ खबरदारी म्हणून ऑपरेशननंतर अँटिबायोटिक चालू ठेवू नका. अपेंडिक्स फुटलं असतं तर गोष्ट वेगळी. तेव्हा इन्फेक्शन झालेलंच असतं, मग ते औषध उपचार म्हणून काही दिवस द्यावंच लागतं.

रूममेटची जखम छान कोरडी राहिली. काकूंनी मात्र खालच्या मेडिकलमधून गुपचूप एक स्ट्रिप आणलीच होती. ती आमच्या कपाटात पडून आहे. परवा शेजारच्या रूममधल्या दोघी सर्दीसाठी मागायला आल्या होत्या. मी दिली नाही, तर अजून फुगून बसल्यात.