शिडाच्या नौकेवरील वातमापक व त्याचे दूरवाचन

वारा डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या कार्यावरूनच त्याचे ज्ञान होते. झाडाची पाने, शाळेवरील ध्वज, उफणणीच्या वेळी दूर उडणारा भुसा ही सर्व वाऱ्याची दिशा व जोर सांगतात. शिडाच्या नौकेवर मात्र एवढ्या अंदाजाने भागत नाही. कारण तेथे वारा हीच चालक शक्ती आणि तेच संकटाचे मूळ होय.

अशा नौकेच्या डोलकाठीच्या टोकावर वातमापक बसविलेला असतो. त्याचे मुख्य भाग दोन. वाट्यांचे चक्र वाऱ्याने फिरते व त्याच्या फेऱ्यांवरून वेग कळतो. वातकुक्कुटासारखे पाते दिशा दाखविते. ही मापे तारेने खाली येतात. तेथील लहान प्रेषक ती वाय-फायच्या रेडिओ-लहरींनी पसरवितो. त्यामुळे सुकाणूजवळचा नाविक अथवा धक्क्यावर उभा असलेला मनुष्य ती आपल्या मोबाइलवर वाचू शकतो. या लहरींचा पल्ला थोडा असल्याने त्याहून दूर मोबाइलचे जाळे वा उपग्रह यांचे साहाय्य घ्यावे लागते. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. हवामान, सागर व लाटा यांची माहिती गोळा करून भारतीय हवामान विभागास देणे हा त्या सफरीच्या उद्देशांपैकी एक होता.

दूरवरून आकडा वाचणे सोपे. त्याचा अर्थ लावणे हे खरे शिक्षण होय. वाऱ्याचा वेग २० नॉट आहे आणि नौका त्याच दिशेने ८ नॉट वेगाने चालली आहे असे समजू. (१ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर.) मापक केवळ १२ नॉट दाखवील. हा ‘सापेक्ष वारा’. आता काही कारणाने नौका थबकली, तर शिडावर एकदम २० नॉटांचा वारा आदळेल. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून तो जवळजवळ पावणेतीन पट होईल. नौकेची उपकरणे जे सांकेतिक संदेश धाडतात, त्यांत याच कारणास्तव वारा सापेक्ष की खरा हे सांगणारे एक अक्षर असते. ते न पाहता आकडा घेणारा फसतो.

सोलापूर जिल्हा समुद्रापासून दूर असला, तरी हा विषय आपणांस परका नाही. उजनीच्या जलाशयाकाठची गावे आजही होडीने जोडलेली आहेत. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा अंत झाला. होडीस शीड नसले तरी वारा तिला सोडीत नाही. काठावरचा माणूस निवांत असता पाण्याच्या मध्यावर वाऱ्याचा जोर अधिक असू शकतो; तेथील माप निघण्यापूर्वीच काठावर कळणे यातच दूरवाचनाचे मोल आहे.

शिक्षकांनी हा पाठ पुढीलप्रमाणे द्यावा. वारा पडलेला असताना विद्यार्थ्यांस कागदी भिरभिरे घेऊन मैदानावर धावावयास सांगावे. ते फिरू लागेल. हा वारा कोठून आला, असा प्रश्न करावा. नंतर वारा असताना प्रथम त्याच्या सन्मुख व मग त्याच दिशेने धावावयास लावून भिरभिऱ्याच्या गतीतील फरक टिपून घ्यावा. शेवटी शाळेच्या आवारात वातकुक्कुट उभारून रोज ठरावीक वेळी दिशेची नोंद ठेवावी. जलाशयाकाठच्या शाळांनी एक गोष्ट आवर्जून बिंबवावी : आभाळ भरून आले, वारा उठला की होडीत पाऊल ठेवू नये, आणि वडीलधाऱ्यांसही तसे सांगण्यास संकोचू नये.