कुमारांनी हे युद्ध पाहावे काय?

परग्रहवासीयांच्या स्वारीचे चित्रपट म्हणजे निव्वळ आतषबाजी. कुमारवयीन मुलांना ते खुशाल दाखवावेत, असा एक सोयीस्कर समज आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा २००५ सालचा ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ तो खोटा ठरवितो. अमेरिकेत त्यास ‘पीजी-१३’ प्रमाणपत्र मिळाले. १९८४ साली निर्माण झालेला हा वर्ग निर्मात्यांच्या पथ्यावरच पडला. रक्तपात बेताने दाखविला की कुमारांची सारी बाजारपेठ खुली राहते. (अर्थशास्त्राच्या अध्यापकास नफ्याचा वास आधी यावयाचाच!)

येथे माणसे किरणांनी क्षणार्धात भस्म होतात. नदीतून वाहत येणारी प्रेते एक लहान मुलगी पाहते. पुढे तिचा बाप तिचे डोळे बांधतो, तिला गाणे म्हणावयास सांगतो आणि बंद दाराआड एका माणसाचा जीव घेतो. हत्या पडद्यावर दिसत नाही, म्हणूनच ती मनात अधिक रेंगाळते. प्रमाणपत्रावरील वयाचा आकडा याविषयी काय सांगणार?

तरीही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना तो दाखवावा, असेच मी म्हणेन, मात्र वडीलधाऱ्यांसमवेत. एच. जी. वेल्स यांनी १८९८ च्या मूळ कादंबरीत मंगळवासीयांना दोष देण्यापूर्वी, युरोपीयांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचा केलेला संहार आठवून दिला होता. चित्रपटातून तो संदर्भ गळाला आहे; तो पालकांनी घरी पुरवावा. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मात्र अजून दोन-तीन वर्षे थांबवावे.