गुलामांची आत्मकथने

गुलामगिरीतून सुटलेल्या व्यक्तींनी स्वतःच्या आयुष्याविषयी लिहिलेल्या वा सांगून लिहवून घेतलेल्या ग्रंथांना गुलामांची आत्मकथने असे म्हणतात. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड-अमेरिकेत या वाङ्मयप्रकाराने गुलामीविरोधी चळवळीस मोठे बळ दिले. ओलाउदा इक्वियानो (१७८९), फ्रेडरिक डग्लस (१८४५) व हॅरिएट जेकब्ज (१८६१) यांची आत्मकथने प्रसिद्ध आहेत. या तिन्ही ग्रंथांच्या शीर्षकांत ‘स्वतः लिहिलेले’ अशा अर्थाचे शब्द आहेत. गुलामाला लिहिता येते यावरच वाचकांचा विश्वास नसल्याने ते घालावे लागले. डग्लसने तर पुस्तकात मालकाचे खरे नाव दिले. परिणामी पुन्हा पकडले जाण्याचे भय निर्माण होऊन त्याला काही काळ देश सोडावा लागला.

महाराष्ट्रातील संदर्भ

जुन्नर ही काही काळ निजामशाहीची राजधानी होती आणि तिचा कारभार पाहणारा मलिक अंबर (मृत्यू १६२६) हा मूळचा विकला गेलेला हबशी गुलाम होता. त्याला दख्खनमध्ये विकत घेणारा पेशवा चंगीझखान हाही एके काळी गुलामच होता. अंबरने सैन्य उभारले, जमीनमहसुलाची घडी बसवली. मात्र त्याच्या बालपणाविषयी व विक्रीविषयी जे ज्ञात आहे ते इतरांच्या लेखणीतून आलेले आहे. त्याला प्रत्यक्ष भेटलेला डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रोक हा अशा लेखकांपैकी एक होय. सत्ता हाती आलेल्या गुलामाचीही कहाणी परक्यांनीच लिहावी, ही गोष्ट लक्षणीय आहे.

प्रत्यक्ष मुक्त गुलामाच्या हातचे लेखन म्हणून नाशिकशी निगडित असलेली एक रोजनिशी महत्त्वाची ठरते. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली काही आफ्रिकी मुले नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या वसाहतीत ठेवली जात व तेथे शिकवली जात. त्यांपैकी जेकब वेनराइट हा याओ जमातीचा तरुण पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या मदतीसाठी आफ्रिकेत पाठविलेल्या तुकडीत सामील झाला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन मरण पावला तेव्हा वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर मृत्युलेख कोरला. सहकाऱ्यांनी पार्थिव खांद्यावरून समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेले. या प्रवासाची रोजनिशी त्याने इंग्रजीत लिहिली. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीत शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता. रोजनिशीचा विषय मात्र लिव्हिंग्स्टनचा अंत व त्यानंतरची वाटचाल हा आहे. तिला काटेकोर अर्थाने आत्मकथन म्हणता येत नाही.

त्याच १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील लोकांना ते अर्पण केलेले आहे. संवादरूपात लिहिलेला हा ग्रंथ आत्मकथन नव्हे. परंतु गुलामी हा शब्द जातिव्यवस्थेला लावण्याची वाट त्याने मराठीत रूढ केली.

दलित आत्मकथनांशी नाते

जुन्नर तालुक्याला उत्तरेकडे लागून असलेल्या अकोले तालुक्यातील धामणगाव हे दया पवार यांचे गाव. त्यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये ग्रंथालीने प्रकाशित केले. त्यात दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवार यांनाच सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावे, एक गावकुसाबाहेरचे व दुसरे शहरी, शिकलेले. ‘बलुतं’ची तुलना गुलामांच्या आत्मकथनांशी केली जाते. ती सरसकट लागू पडत नाही, कारण महाराची बाजारात विक्री होत नव्हती. परंतु मेलेली गुरे ओढणे, मर्तिकाचा सांगावा परगावी पोहोचवणे, सरकारी अंमलदारांची वेठ करणे ही कामे वतनामुळे जन्मानेच माथी येत आणि मोबदला म्हणून धान्याचा वाटा वा शिळी भाकरी मिळे. हे बंधन सैल करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडले.

बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये गुलामीचा आणखी एक पदर दिसतो. घरातील पुरुषांच्या सत्तेखालची बाई ही गुलामाचीही गुलाम ठरते, असे त्यांचे निवेदन सुचवते. फलटण येथे दुकान चालवता चालवता त्यांनी हे लेखन केले. पतीला कळू नये म्हणून त्या लिहिलेले कागद वीसेक वर्षे लपवून ठेवत असत.