लाइन त आली, मंग नेट काहून नाही?

सीतादहीची पूजा करून कापसाचा वेचा सुरू झाला की यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर तालुक्यात सेवा केंद्रांपुढे माणसं दिसू लागतात. २०२५च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस घेण्यासाठी ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर नोंदणी मागितली. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये भाव होता. त्या भावापर्यंत पोचायला आधी ॲप उघडायचं, त्यात आधार आणि जमिनीची कागदपत्रं चढवायची, मग खरेदी केंद्रावर जायची तारीख घ्यायची. ज्याच्या हातात साधा फोन आहे किंवा ज्याच्या घरी रेंज नाही, तो शेतकरी मांगलादेवीहून, वटफळीहून, माणिकवाड्याहून एसटीने नेरला येतो. खिडकीतून दोन शब्द ऐकतो, “लिंक नाही”, आणि रोज बुडवून परत जातो.

अशा माणसाचा प्रश्न सरळ असतो. “गावात लाइन त आली होती ना? खड्डे खोदले, ग्रामपंचायतीत डबा लावला. मंग नेट काहून नाही?” या प्रश्नाचं नीट उत्तर त्याला क्वचित मिळतं. त्याची जागा अर्धवट समजुती घेतात. त्या समजुतींमुळे गाव चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारतं, म्हणून त्या बाजूला सारणं मला गरजेचं वाटतं.

सगळ्यात मोठी समजूत हीच, की ग्रामपंचायतीत वायर पोचली म्हणजे गावात इंटरनेट पोचलं. ही समजूत गावकऱ्यांनी स्वतःहून केलेली नाही. योजनाच तशी आखली गेली होती. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ मंजूर केलं. तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजपासून देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार न्यायची, असा बेत होता. तेच काम पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखलं गेलं. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती डिसेंबर २०१७मध्ये जोडून झाल्या. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्याने स्वतःकडे घेतलं, ते ‘महानेट’. या सगळ्या कामाची मोजपट्टी एकच राहिली: किती ग्रामपंचायती ‘सेवेस सज्ज’ झाल्या. २०२५पर्यंत देशात हा आकडा २ लाख १४ हजारांच्या पुढे गेला होता.

‘सेवेस सज्ज’ या शब्दांकडे थांबून पाहायला हवं. तार पोचली, डबा लागला, तपासणीत पलीकडून प्रकाश आला, एवढंच त्यातून कळतं. त्या डब्यातून शाळेत, दवाखान्यात, अंगणवाडीत किंवा एखाद्या घरात जोडणी गेली का, हे कळत नाही. आज दुपारी तो डबा चालू आहे का, हेही कळत नाही. गावाबाहेर पाण्याची टाकी बांधून तिची चाचणी घ्यावी, फोटो काढावा आणि घरोघर नळ टाकायचं काम कोणाचं हे मात्र लिहायचंच राहून जावं, तसं हे आहे. नळ टाकण्याचं काम नंतर कोणी खाजगी कंपनी किंवा स्थानिक केबलवाला करील, असं गृहीत धरलेलं होतं. पण पन्नास घरांच्या गावात जोडण्या देऊन आपला खर्च निघेल का, याचा विचार तो धंदेवाला करणारच. गणित जुळेना तेव्हा तो आला नाही, आणि डबा ग्रामपंचायतीच्या कपाटावर पडून राहिला.

त्या डब्याला वीजही लागते. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. जुन्या तांब्याच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळायची, म्हणून लाइट गेली तरी फोन चालायचा. लोकांच्या डोक्यात तेच बसलं आहे. फायबरच्या गावातल्या टोकाला मात्र स्वतःची वीज हवी. योजनेत बॅटरी आणि सौर पॅनेलची सोय आहे. पण बॅटरी दोन-चार वर्षांत दम सोडते, पॅनेलवर धूळ साचते आणि ते पुसायचं काम कोणाच्याच नावावर नसतं. ग्रामपंचायतीला कुलूप लागलं की दुपारनंतर डब्यापर्यंत जाताही येत नाही. आराखडा करणाऱ्यांनी मंत्रालयात बसून किलोमीटर मोजले, कुलपाची किल्ली कोणाकडे असेल हे मोजलं नाही, असं मला स्पष्ट वाटतं.

दुसरी समजूत टॉवरची. “गावाजवळ टॉवर आहे, फोर-जी आहे, आता फाइव्ह-जी आला. वायर कशाला पाहिजे?” टॉवर म्हणजे तुमच्या फोनपासून शेवटच्या एक-दोन किलोमीटरची हवेतली उडी. टॉवरपासून पुढे सगळा भार एक तर फायबरवरून जातो, नाहीतर टॉवरवर दिसणाऱ्या त्या पांढऱ्या, ढोलकासारख्या डब्यांतून दुसऱ्या टॉवरकडे सूक्ष्मलहरींनी फेकला जातो. ढोलकाची वाट फायबरच्या मानाने अरुंद. संध्याकाळी सात-आठला सगळं गाव एकदम फोन उघडतं तेव्हा रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात आणि गोल चक्र फिरत राहतं, त्याचं एक कारण ही अरुंद वाट. म्हणूनच १७ डिसेंबर २०१९ला सुरू झालेल्या राष्ट्रीय ब्रॉडबँड मिशनने ७० टक्के टॉवर फायबरला जोडण्याचं उद्दिष्ट ठेवलं. चांगला टॉवर हवा असेल तरी त्याच्या पायापर्यंत तार लागतेच.

ब्रॉडबँड म्हणायचं कशाला, हेही सरकारी कागदावर बदलत आलं आहे. २००४च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेग पुरेसा धरला होता, २०१३मध्ये तो ५१२ झाला आणि जानेवारी २०२३मध्ये किमान २ मेगाबिट. दोन मेगाबिटमध्ये एक मूल कसाबसा एक व्हिडिओ तास पाहू शकेल. त्याच घरात दुसऱ्याने काही उघडलं तर तोही अडकेल. ग्रामपंचायतीला १०० मेगाबिट देण्याचं ठरलं तेव्हा ते फार वाटलं होतं. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला पाच मेगाबिट धरले, तर एका वेळी वीस घरं. तीनशे उंबऱ्यांच्या गावाला ते पुरणार नाही. पुरवायचं तर टोकाची यंत्रं बदलायची, कारण तीच काचेची तार कितीतरी पट जास्त वाहू शकते. तार एकदा नीट पुरली तर वेग वाढवायला पुन्हा खोदावं लागत नाही. फायबरच्या बाजूने मला हाच मुद्दा सगळ्यात भक्कम वाटतो.

‘नीट पुरली तर’ हे मात्र सोपं नाही. एकदा तार टाकली की काम झालं, ही तिसरी समजूत, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त पैसा वाया गेला आहे. भारतनेटची तार साधारण १.६५ मीटर खोल जायला हवी. खडक लागला तर कमी खोलीची मुभा असते, पण तिथे वरून काँक्रीटचं कवच द्यावं लागतं. आपल्याकडची काळी कापसाची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यात उभे केलेले खांब कलतात, उथळ पुरलेली नळी उघडी पडते. त्यात रस्त्याचं रुंदीकरण, गटाराचं काम, नळयोजनेचं खोदकाम. जेसीबीचा एक फावडा पडला की तार तुटते, आणि ती कुठे तुटली हे शोधण्यातच दिवस जातात. कधी कोणी तांबं मिळेल या आशेने तार उकरतो, आत काच निघते, तार तशीच तुटलेली राहते. म्हणून खोदणाऱ्याने आधी कळवावं यासाठी केंद्राने मार्च २०२३मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप काढलं. गावातल्या कंत्राटदाराला त्याचं नाव माहीत आहे का, हे सरपंचाने विचारून पाहावं.

तार तुटल्यावर किती गावं बंद पडतात, हे जोडणीच्या आकारावर ठरतं. सुरुवातीची रचना रेषेसारखी होती: तालुका, मग पहिलं गाव, मग दुसरं, मग तिसरं. मध्ये एका ठिकाणी तार तुटली की पलीकडची सगळी गावं अंधारात. समजा यवतमाळ-अमरावती रस्त्यावर एक पूल खचला, तर एसटी लांबच्या वाटेने का होईना, नेरला पोचते. तशी दुसरी वाट या जाळ्याला नव्हती. ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंत्रिमंडळाने १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला, त्यात ही चूक मान्य केलेली दिसते. आता जाळं कड्याच्या आकाराचं करायचं, म्हणजे एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने प्रकाश येईल. बांधणाऱ्यावरच दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकली आहे, तार कुठे तुटली हे दूरवरून कळण्याची यंत्रणा आहे, आणि ग्रामपंचायत नसलेल्या वाड्या-वस्त्यांनाही मागणीनुसार जोडणी द्यायची आहे. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांत जोडण्या, असं उद्दिष्ट आहे. घरांचा आकडा योजनेच्या मोजपट्टीवर आला, याला मी या आराखड्यातला खरा बदल मानतो. हे काम आता बीएसएनएलकडे आहे. गावातल्या एखाद्या होतकरू मुलाने ‘भारतनेट उद्यमी’ म्हणून घरोघर जोडण्या द्याव्यात, बिघाड पाहावा आणि बिलात वाटा घ्यावा, अशी सोयही आहे.

“सरकार फुकट देतं, मंग असंच मिळणार,” असंही ऐकू येतं. हे फुकट नाही. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नाचा पाच टक्के हिस्सा सार्वत्रिक सेवा निधीत जातो. २००२पासूनचा हा निधी आता ‘डिजिटल भारत निधी’ म्हणवला जातो. भारतनेटचा खर्च तिथून होतो. कंपन्यांचं उत्पन्न म्हणजे आपले रिचार्ज. मोझर गावातल्या एखाद्या आजीने महिन्याचं रिचार्ज मारलं तेव्हा तिने त्या तारेचे पैसे भरले. तार चालत नसेल तर विचारण्याचा तिला हक्क आहे, मेहरबानी मागण्याचा प्रश्नच येत नाही.

उपग्रहाबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र सरकारने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि आपल्या शेजारचा वाशीम ही नावं होती. तेव्हापासून “आता वरूनच येणार, तार कशाला” अशी चर्चा सुरू झाली. जिथे डोंगर-जंगलामुळे तार नेणं अशक्यप्राय आहे, तिथे उपग्रह मोलाचा आहे. पण एका पट्ट्यावरची त्याची क्षमता तिथल्या सगळ्यांत वाटली जाते आणि प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र तबकडी लागते. नेर तालुका सपाट, रस्त्यांनी जोडलेला आहे. इथे तार न टाकण्याचं भूगोलात कारण नाही.

आणि एक समजूत गावाबाहेरच्या लोकांची: “खेड्यात कशाला नेट? पोरं रील पाहतात.” मला ती सगळ्यात जास्त टोचते. शहरातली पोरंही तेच पाहतात, म्हणून तिथली जोडणी कोणी कापत नाही. सात-बारा, ई-पीक पाहणी, पीक विमा, पीएम किसानची केवायसी, लाडक्या बहिणीची केवायसी, हे सगळं सरकारनेच ऑनलाइन नेलं. शेतात उभं राहून ई-पीक पाहणीचा फोटो काढला तरी तो पोचायला रेंज लागते. ज्याला नेट नाही तो आज सरकारी दारातच उभा राहू शकत नाही.

गावाला नेमकं काय हवं हे आधी पाहायला हवं, याचा धडा महाराष्ट्राकडे जुना आहे. १९९८मध्ये वारणानगर परिसरातल्या ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला, संगणकाची केंद्रं उघडली. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिलं तेव्हा शेतकरी त्यांचा उपयोग मुख्यतः एकाच कामासाठी करत होते: आपल्या उसाचं वजन, खत, हिशेब. मग तेच काम साध्या मोबाइलवर, एसएमएसने करून पाहिलं, आणि ते चाललं. लोक मागास होते म्हणून संगणक पडून राहिले नव्हते. त्यांचं काम कोणतं, हे आधी विचारलं गेलं नव्हतं.

नेरच्या शेतकऱ्याचं काम कोणतं, ते सेवा केंद्रापुढच्या रांगेत दिसतं. तिथे “लिंक नाही” ऐकू आलं तर आधी एक गोष्ट तपासा. दुसरी कुठली वेबसाइट उघडते का? उघडत असेल तर मुंबई-दिल्लीतला सर्व्हर अडलेला आहे, गावची तार ठीक आहे. काहीच उघडत नसेल तर ग्रामपंचायतीतल्या डब्याचे दिवे पाहा. तेही बंद असतील तर वीज किंवा बॅटरी. दिवा लाल असेल तर तार कुठेतरी तुटली आहे. एवढं पाहिलं तरी तक्रार योग्य दारी जाते. तक्रारीची तारीख, वेळ आणि दुरुस्ती झाल्याचा दिवस एका साध्या वहीत लिहा. वर्षाच्या चार ग्रामसभांपैकी प्रत्येकीत ती वही उघडून वाचा: मागच्या तीन महिन्यांत डबा किती दिवस चालू होता, किती दिवस बंद, किती घरांना जोडणी मिळाली, देखभालीच्या माणसाचा नंबर कोणाकडे आहे, आणि खोलीची किल्ली कोणाकडे.