श्रेणीचे भाषांतर : गुणपत्रिकेतील समतुल्यतेचा प्रश्न

१९३८ साली रायपूर येथे छत्तीसगढ महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा हा प्रदेश नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होता. १९४६ साली सागर विद्यापीठ आणि १९६४ साली रायपूरमध्येच रविशंकर विद्यापीठ अस्तित्वात आले. एकाच घरातील तीन पिढ्यांच्या गुणपत्रिका समोर ठेवल्या, तरी त्यांवरील साठ टक्के एकाच मापाचे आहेत असे गृहीत धरता येत नाही. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित वाटू नये. तो मूलतः भाषांतराचा प्रश्न आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. हिंदीत ‘प्रथम श्रेणी’ म्हणजे साठ टक्क्यांची पायरी. अक्षरांनी केलेल्या प्रतवारीसाठी तेथे ‘ग्रेड’ हाच शब्द रूढ आहे. मराठीत मात्र ‘श्रेणी’ हा शब्द दोन्ही अर्थ वाहतो. म्हणून रायपूरहून नागपूरला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत आकड्यापूर्वी संज्ञाच संदिग्ध होते.

भारताबाहेर ही संदिग्धता अधिक ठळक होते. ब्रिटिश विद्यापीठांत प्रथम वर्ग सामान्यतः ७० गुणांपासून सुरू होतो. ६० ते ६९ हा द्वितीय वर्गाचा वरचा विभाग होय. फ्रान्समध्ये गुण २० पैकी दिले जातात, १० ला उत्तीर्णता असते आणि १६ ला ‘त्रे बियाँ’ हा शेरा मिळतो. जर्मनीत क्रम उलटा आहे : १.० सर्वोत्तम, ४.० किमान उत्तीर्ण. परदेशी गुणांच्या रूपांतरासाठी तेथे वापरल्या जाणाऱ्या सुधारित बव्हेरियन सूत्रानुसार, १०० पैकी ४० ही उत्तीर्णतेची मर्यादा धरल्यास आपले ६० गुण ३.० ठरतात. जर्मन शब्दांत त्याचा अर्थ ‘समाधानकारक’. आपली प्रथम श्रेणी सीमा ओलांडताना केवळ समाधानकारक होऊन जाते.

देशांतर्गत स्थितीही वेगळी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली निवडाधारित श्रेयांक पद्धतीसाठी दहा गुणांची श्रेणी सुचविली. २०१८च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर स्तरावर सर्वसाधारणपणे ५५ टक्के ‘अथवा समतुल्य श्रेणी’ अपेक्षित आहे. आता ६.० ही सरासरी घेऊ. दहाने गुणल्यास ६० टक्के होतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीसाठी रूढ केलेला ९.५ हा गुणक लावल्यास ५७. तंत्रशिक्षण परिषदेच्या पद्धतीप्रमाणे ०.७५ वजा करून दहाने गुणल्यास ५२.५. पहिल्या दोन भाषांतरांत उमेदवार पात्र ठरतो, तिसऱ्यात अपात्र. उत्तरपत्रिका मात्र तीच आहे.

या सर्व सूत्रांमागे एक समान गृहीतक आहे : मोजपट्टीवरील प्रत्येक अंतर सारखे असते आणि तिचा वरचा टोकबिंदू प्रत्यक्षात वापरला जातो. साहित्याच्या पारंपरिक परीक्षेत १०० पैकी १०० देण्याची प्रथाच नाही. पंचाहत्तरवर थांबणाऱ्या परीक्षकाचे ६५ आणि पंचाण्णव देणाऱ्याचे ६५ यांचे मूल्य एक नव्हे. सोस्यूरच्या परिभाषेत सांगायचे, तर चिन्हाचे मूल्य त्याच व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या भेदातून निश्चित होते. सूत्र आकड्याचे शब्दशः भाषांतर करते. मूल्य मागेच राहते.

युरोपीय श्रेयांक-हस्तांतरण पद्धतीने यावर प्रथम असा उपाय योजला, की उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी वरच्या १० टक्क्यांना ‘ए’, पुढील २५ टक्क्यांना ‘बी’, याप्रमाणे सापेक्ष श्रेणी द्यावी. २००९ साली हा साचा बाजूला ठेवून, त्या अभ्यासक्रमात कोणती श्रेणी किती टक्के विद्यार्थ्यांना मिळाली याचा तक्ता देण्याची पद्धत स्वीकारली गेली. हा तक्ता म्हणजे भाषांतरासोबतची टीपच होय : तो मूळ आकडा बदलत नाही, त्याचा संदर्भ पुरवितो.

तक्त्यालाही मर्यादा आहेत. चार-पाच विद्यार्थ्यांच्या मराठी विभागात वितरणाला फारसा अर्थ उरत नाही. तेथे अनेक वर्षांचे निकाल एकत्र घ्यावे लागतील. तथापि ‘समतुल्य’ हा शब्द नियमात आहे, तोवर ती समतुल्यता कशावरून ठरविली हे गुणपत्रिकेवरच नोंदविले गेले पाहिजे. अन्यथा एखाद्या उमेदवाराची पात्रता त्याच्या अभ्यासावर नव्हे, तर अर्ज तपासणाऱ्याने निवडलेल्या गुणकावर अवलंबून राहील.