फ्लॉपीशी बोलणारे चार पत्ते

१९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो दाखल झाला. ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा हा संगणक. २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर, ३२ किलोबाइट मेमरी, कीबोर्डातच सगळं यंत्र. आज कुणी हौशी माणूस त्यासाठी नवा डिस्क ड्रायव्हर लिहायला बसला, तर त्याचा पहिला मुक्काम फ्लॉपीपाशी पडतो.

प्रोसेसरला फ्लॉपी दिसतच नाही. हेड हलवणं, सेक्टर शोधणं, चुंबकीय खुणांचे बाइट करणं हे काम मधली कंट्रोलर चिप करते. बीबीसी मायक्रोत आधी इंटेलची ८२७१ होती. ती महाग होती आणि मिळायचीही मुश्किलीने, म्हणून पुढे वेस्टर्न डिजिटलची १७७० आली. या चिपचे चार रजिस्टर, म्हणजे तिच्यातले छोटे कप्पे, मेमरीच्याच षोडशमान पत्त्यांवर बसवलेले आहेत: &एफई८४ वर आज्ञा, ८५ वर ट्रॅक, ८६ वर सेक्टर, ८७ वर डेटा. कोणता ड्राइव्ह, कोणती बाजू हे ठरवणारा आणखी एक रजिस्टर बाहेर, &एफई८० वर. ड्रायव्हर लिहिणारा सुरुवातीलाच या पत्त्यांना नावं देतो. पाच ओळींचं काम, असं वाटतं.

पण &एफई८४ वर लिहिलं तर ती आज्ञा होते आणि तोच पत्ता वाचला तर चिपची सद्यःस्थिती कळते. ग्रामपंचायतीच्या एकाच खिडकीतून अर्ज आत जावा आणि दाखला बाहेर यावा, तसं. त्यामुळे एका पत्त्याला दोन नावं द्यावी लागतात. त्याहून चकवणारी गोष्ट बिटांची. या सद्यःस्थितीतला बिट २ हेड हलवण्याच्या आज्ञेनंतर १ असेल तर हेड शून्य ट्रॅकवर पोचलं, म्हणजे सगळं ठीक. तोच बिट सेक्टर वाचल्यावर १ दिसला तर प्रोसेसरला उशीर झाला आणि बाइट हातचा गेला. शेवटची आज्ञा कोणती होती हे माहीत नसेल, तर त्या बिटाला काही अर्थच उरत नाही. म्हणून ज्या व्याख्येत नुसतं 'बिट २' लिहिलंय ती माझ्या मते अर्धवट आहे.

ट्रॅक रजिस्टरवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. हेड कुठे आहे असं चिपला वाटतं, तेवढंच तो सांगतो. म्हणून ड्रायव्हर आधी 'रिस्टोर' ही आज्ञा, म्हणजे शून्य, पाठवतो. शून्य ट्रॅकचा सेन्सर हाक देईपर्यंत हेड मागे सरकतं. तिथून खरी मोजणी सुरू.

दुहेरी घनतेच्या फ्लॉपीवरून दर ३२ मायक्रोसेकंदांना एक बाइट येतो. २ मेगाहर्ट्झला तेवढ्या वेळात प्रोसेसरचे ६४ ठोके पडतात आणि एकेका सूचनेला दोन ते सात ठोके लागतात. त्यातच बाइट उचलायचा, मेमरीत ठेवायचा आणि पुढच्यासाठी तयार व्हायचं. म्हणून प्रत्येक बाइटमागे चिप प्रोसेसरला टाळता न येणारा इंटरप्ट देते आणि तो हाताळणारा छोटासा कोड &०डी०० या ठरलेल्या पत्त्यावर ठेवलेला असतो. त्या कोडात पाल्हाळाला जागा नाही.

हे करून पाहायला जुनं यंत्रच हवं असं नाही. आष्टीत, वर्ध्यात, कुठेही लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये जेएसबीब हा एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, चालतो. त्यात १७७० असलेलं मॉडेल निवडा, बेसिकमध्ये प्रिंट लिहून पुढे ?&एफई८४ टाइप करा, की सद्यःस्थितीचा बाइट आकड्याच्या रूपात पडद्यावर येतो. इंग्रजी अक्षरांत लिहायचं, एवढंच.

बिटांचे हे अर्थ चिपकडे टक लावून बघितल्याने कळत नाहीत. ते छापील माहितीपत्रकांत असतात, आणि आपल्याकडे यंत्राआधी कागद रद्दीत जातो. शाळेतले जुने संगणक निर्लेखनात काढत असाल, तर आधी मॅन्युअल आणि फ्लॉप्या बाजूला ठेवा. साधा पीसीचा फ्लॉपी ड्राइव्ह आणि ग्रीझवीझलसारखं यूएसबी उपकरण वापरून फ्लॉप्यांच्या प्रती अजूनही काढता येतात.